फिटिंगचे पैसे कशासाठी?

चष्म्याच्या दुकानात कॉन्टॅक्ट लेन्सची चौकशी केली की बोलणं पहिल्या दोन मिनिटांत डबीच्या किमतीवर येतं. महिन्याची केवढ्याला, रोजची केवढ्याला, दोन डब्या घेतल्या तर किती कमी होतील, सोल्युशन सोबत मिळतं का. ही लेन्स माझ्या डोळ्यावर नीट बसते का हे कोण बघणार आणि त्याचे किती पैसे, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी या कामाचं वेगळं बिल होत नाही. ते लेन्सच्या किमतीत धरलेलं असतं, नाहीतर ते काम होतच नाही. बिलावर त्याची ओळच नसल्यामुळे गिऱ्हाइकाला यातलं नेमकं काय झालं हे कळायला मार्ग नसतो.

माझं मत स्पष्ट आहे. लेन्सवर वर्षभर जो खर्च होतो, त्यात फिटिंगचा वाटा सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोलाचा. तो आपण होऊन विचारावा आणि आनंदाने द्यावा.

चष्म्याच्या नंबरचा कागद हातात असला की लेन्स घेता येते, असा समज सर्रास आढळतो. मोबाइलवरून मागवताना तोच नंबर भरला जातो. पण चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते आणि लेन्स थेट डोळ्यावर बसते. मधलं अंतर गेलं की नंबर बदलतो. उणे ४ पर्यंत हा फरक किरकोळ असतो, त्यापुढे तो हिशेबात धरावाच लागतो. चष्मा उणे ६ चा असेल तर लेन्सचा नंबर उणे ५.६० च्या आसपास येतो, उणे १० चा असेल तर उणे ९ च्या. म्हणजे उणे १० वाल्याने कागदावरचा आकडा तसाच भरला तर गरजेपेक्षा पूर्ण एका नंबरने जास्त ताकदीची लेन्स त्याच्या डोळ्यात जाते. वय कमी असेल तर डोळा जोर लावून तो जादा नंबर पेलतो, समोरचं स्वच्छ दिसतं, आणि संध्याकाळी डोकं दुखायला लागलं की दोष कामाच्या ताणाला दिला जातो.

शिवाय नंबर हा लेन्सच्या मापाचा फक्त एक भाग झाला. लेन्सच्या आतल्या बाजूला किती बाक आहे, याला बेस कर्व्ह म्हणतात. सॉफ्ट लेन्समध्ये तो बहुतेक ८.३ ते ९ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. व्यास साधारण १४ मिलिमीटरच्या आसपास असतो. मग लेन्सचा पदार्थ कोणता, त्यात पाण्याचं प्रमाण किती, त्यातून प्राणवायू किती आरपार जातो, हे आलं. दोन कंपन्यांच्या लेन्सवर ८.६ हाच आकडा छापलेला असला तरी पदार्थ आणि कडेची घडण वेगळी असल्यामुळे त्या एकाच डोळ्यावर वेगवेगळ्या बसू शकतात. नुसती उंची सांगून ब्लाउज शिवायला टाकावा, तसं नुसत्या नंबरवर लेन्स घेणं आहे.

हे सगळं ज्या जागेसाठी चाललेलं असतं ती जागा फार नाजूक आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. त्याची रुंदी साधारण पावणेबारा मिलिमीटर. पारदर्शक राहायचं म्हणून त्यात रक्तवाहिन्या नाहीत. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून मिळतो, आणि लेन्स नेमकी त्या वाटेवर येऊन बसते. ब्रायन होल्डन आणि जॉर्ज मर्ट्झ या संशोधकांनी १९८४ साली कॉर्नियाला सूज न येता लेन्स वापरायची तर तिच्यातून किमान किती प्राणवायू जायला हवा याचं माप मांडलं. त्यांच्या मोजपट्टीवर दिवसा वापरायच्या लेन्सला २४ पुरे होते, रात्री झोपेतही ठेवायची असेल तर ८७ लागत होते. डोळा मिटल्यावर हवेचा पुरवठा किती घटतो ते या दोन आकड्यांतल्या अंतरावरून कळतं. पुढे १९९०च्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल हा पदार्थ आला आणि प्राणवायूचा प्रश्न बराच सुटला. पण तो पदार्थही डोळ्यावर घट्ट बसला तर खालचे अश्रू कोंडतात, आणि त्याला पदार्थाकडे उपाय नाही.

एके काळी लेन्स म्हणजेच फिटिंग होतं. झुरिकमध्ये अडोल्फ फिक यांनी १८८८ साली काचेच्या लेन्सचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यानंतर कित्येक दशकं लेन्स एकेका डोळ्यासाठी एकेक अशीच बने. बुडापेस्टचे जोसेफ डालोश जिवंत माणसाच्या डोळ्याचा साचा घेऊन त्यावरून काच घडवत. मग प्रागमध्ये ऑटो विख्टर्ले यांनी १९६१च्या नाताळात घरच्या टेबलावर मुलांच्या मेरकुर या जोडखेळाच्या भागांतून एक यंत्र जुळवलं, त्याला सायकलचा डायनामो लावला आणि फिरत्या साच्यात मऊ, पाणी धरणाऱ्या लेन्स तयार केल्या. या पद्धतीने एकसारख्या लेन्स झटपट आणि स्वस्तात बनू लागल्या. अमेरिकेत १९७१ साली सॉफ्ट लेन्सला सरकारी मान्यता मिळाली, १९८०च्या दशकाच्या शेवटी वापरून फेकून द्यायच्या लेन्स बाजारात आल्या. हे मोठंच कल्याण झालं. पण कारखान्यात एक-दोन ठरावीक मापांत लेन्स बनू लागल्यावर, ती सगळ्यांना बसतेच, असं बाजाराने गृहीत धरलं. बऱ्याच डोळ्यांना ती बसते हे खरं. आपला डोळा त्यांतला आहे का, हे मात्र बसवून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

आता हे बसवून पाहणं म्हणजे काय, ते जवळून पाहू.

चांगला ऑप्टोमेट्रिस्ट लेन्सला हात लावण्याआधी बराच वेळ प्रश्नच विचारतो. दिवसाचे किती तास स्क्रीनसमोर, एसीत की बाहेर, दुचाकीवर किती फिरता, ॲलर्जीचा त्रास, चालू असलेली औषधं. मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या घेणाऱ्या मुलीचे डोळे कोरडे पडू शकतात, आणि ही गोष्ट तिला स्वतःला डोळ्यांच्या दवाखान्यात सांगावीशी वाटत नाही, ती विचारावी लागते. मग नंबर पुन्हा काढला जातो. केराटोमीटरवर कॉर्नियाचा बाक मोजतात. स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या मागे बसून, वरची पापणी उलटवून आतली बाजू पाहतात, कारण लेन्सचा त्रास बऱ्याचदा तिथे बारीक पुरळाच्या रूपात आधी दिसतो. अश्रूंचा थर किती सेकंद टिकून फुटतो तेही बघतात. दहा सेकंदांच्या आत फुटत असेल तर सावध व्हायचं.

यानंतर ट्रायल लेन्स डोळ्यात घालतात आणि पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसवून ठेवतात. हा वेळ फुकट घालवल्यासारखा वाटतो, पण डब्यातून काढलेली लेन्स डोळ्याच्या उबेने आणि अश्रूंनी स्थिरावायला तेवढा अवधी लागतो. मग पुन्हा स्लिट लॅम्प. लेन्सने कॉर्निया सगळीकडून झाकला आहे ना, कड पांढऱ्या भागावर साधारण मिलिमीटरभर पुढे गेली आहे ना, हे बघायचं. पापणी मिटून उघडली की लेन्स किंचित हलली पाहिजे, मिलिमीटरच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाइतकी. या हालचालीने जुने अश्रू बाहेर जातात, नवे आत येतात. मग खालच्या पापणीवर बोट ठेवून लेन्स हलकेच वर ढकलतात आणि ती परत जागेवर कशी येते ते पाहतात. झटकन घसरली तर सैल, जागची हलेना तर घट्ट.

यातली एक गोष्ट प्रत्येक वापरणाऱ्याला ठाऊक असायला हवी. सैल लेन्स पहिल्या मिनिटापासून टोचते. घट्ट लेन्स सुरुवातीला फार सुखाची वाटते, कारण ती हलत नाही आणि पापणीला जाणवत नाही. त्रास काही तासांनी किंवा काही दिवसांनी सुरू होतो: लाली, जळजळ, लेन्स काढल्यावर पांढऱ्या भागावर उमटलेलं वर्तुळ. म्हणून दुकानात आरशात बघून "छान वाटतंय" म्हणणं हा फिटिंगचा पुरावा धरता येत नाही. निर्णय स्लिट लॅम्पवरच घ्यावा लागतो, आणि ते वाचायला शिकलेला माणूस लागतो.

सिलिंड्रिकल नंबर असेल तर काम आणखी वाढतं. त्यासाठीची टोरिक लेन्स डोळ्यावर एका ठरावीक कोनातच बसायला हवी. तिच्यावर बारीक खुणा असतात, बऱ्याच लेन्समध्ये खाली, घड्याळात सहा असतात त्या जागी. लेन्स बसली की ती खूण खरोखर तिथेच आहे का ते तपासणारा पाहतो. समजा ती त्याच्या डाव्या हाताला दहा अंश सरकली आणि नंबरचा कोन ९० आहे, तर लेन्स १०० अंशाची मागवायची. उजवीकडे सरकली तर दहा वजा करायचे. हे न पाहता लेन्स दिली आणि ती तीस अंश फिरून बसत असेल, तर सिलिंड्रिकल नंबर मुळात होता तेवढाच शिल्लक राहतो, फक्त त्याची दिशा बदलते. माणूस महागडी टोरिक लेन्स घालूनही धूसर बघत राहतो आणि शेवटी "आपल्याला लेन्स झेपत नाहीत" म्हणून नाद सोडतो.

फिटिंगमध्ये शिकवणंही आलं. लेन्स घालणं-काढणं, हात धुऊन पूर्ण कोरडे करणं, लेन्सला आणि डबीला नळाचं पाणी न लावणं, सोल्युशन रोज ओतून नवं भरणं, लेन्स घालून न झोपणं. नवख्याला एवढं यायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. त्यानंतर आठवड्याने आणि महिन्याने पुन्हा तपासणी. या गोष्टी औपचारिक नाहीत. ऑस्ट्रेलियात फिओना स्टेपल्टन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाच सॉफ्ट लेन्स वापरणाऱ्यांत कॉर्नियाच्या जंतुसंसर्गाचं प्रमाण वर्षाला दहा हजारांत सुमारे दोन होतं, तर रात्री लेन्स ठेवणाऱ्यांत ते सुमारे वीस झालं. धोका मुळात कमी आहे, तो दहापट करणं आपल्या हातात आहे. नळाच्या पाण्यातला अकँथअमीबा हा जीव कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि दृष्टीही जाऊ शकते.

आता पैशांकडे येऊ. भाव शहराप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे बदलतात, पण हिशेब समजण्यापुरती दीड हजार रुपयांची डबी धरू. महिन्याने बदलायच्या लेन्स दोन डोळ्यांना वर्षाला चोवीस लागतात, म्हणजे सहा नगांच्या चार डब्या, सहा हजार रुपये. त्यात सोल्युशन. साधारण महिन्याला एक बाटली संपली आणि ती चार-पाचशेची असली तरी आणखी पाच-सहा हजार. रोजच्या लेन्स वर्षभर न चुकता वापरल्या तर ७३० लागतात. तीस नगांच्या चोवीसहून अधिक डब्या, म्हणजे साडेछत्तीस हजारांच्या घरात. पण त्याच रोजच्या लेन्स आठवड्यातून दोनच दिवस, क्रिकेटला किंवा नाचाच्या क्लासला लागत असतील तर सात-आठ डब्यांत वर्ष निघतं, आणि सोल्युशनचा खर्च शून्य. महिन्याच्या लेन्सला ही सवलत नाही. पाकीट फोडलं त्या दिवसापासून तिचा महिना मोजायचा, घातली दोनदा का असेना. कुणाला कोणती परवडेल हे वापराची चौकशी केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ती चौकशी फिटिंगचाच भाग आहे.

या आकड्यांशेजारी फिटिंगची फी ठेवून बघा. खासगी दवाखान्यात ती वेगळी घेतात तिथे साध्या सॉफ्ट लेन्सला काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत जाते. एवढ्यात प्रशिक्षित माणसाचा तासभर, ट्रायल लेन्स आणि पुढच्या एक-दोन फेऱ्या येतात. न बसणाऱ्या लेन्सची एक डबी कपाटात पडून राहिली तरी तेवढे पैसे गेलेच.

अमेरिकेत ही फी डोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीहून वेगळी आकारली जाते. साध्या लेन्सला बहुधा ५० ते १५० डॉलर, टोरिक किंवा मल्टिफोकलला त्याहून जास्त, आणि विम्यात ती बऱ्याचदा पूर्ण बसत नाही. नव्याने तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांना हे बिल डाचतं, आणि भारतात सुटीला आल्यावर वर्षभराच्या डब्या घेऊन जाण्याचा हिशेब सुरू होतो. पण तिथल्या कायद्याने गिऱ्हाइकाच्या हातात एक मोलाची गोष्ट दिली आहे. २००३ साली संमत झालेल्या कायद्यानुसार फिटिंग पूर्ण झालं की तपासणाऱ्याने लेन्सचं प्रिस्क्रिप्शन, मागितलं नाही तरी, रुग्णाला द्यायचंच. त्यात नंबर, बेस कर्व्ह, व्यास आणि कंपनी किंवा पदार्थ हे सगळं हवं. लेन्स आमच्याकडूनच घ्या अशी अट घालता येत नाही. ते प्रिस्क्रिप्शन सहसा किमान एक वर्ष चालतं, आणि विकणाऱ्यालाही ते पाहिल्याशिवाय किंवा पडताळल्याशिवाय लेन्स विकता येत नाही. म्हणजे फिटिंगचे पैसे एकदा मोजले की डबी जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्यायला माणूस मोकळा. सेवा आणि माल यांची किंमत वेगळी झाल्याचा हा फायदा आहे, आणि आपल्याकडे तो यायला हवा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे २०२१च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश नोंदणीकृत आरोग्य व्यवसायांत केला, ही चांगली सुरुवात आहे. पण लेन्स अजूनही प्रिस्क्रिप्शनवाचून सहज मिळतात.

याचा सर्वांत मोठा फटका रंगीत, बिननंबराच्या लेन्स वापरणाऱ्यांना बसतो. लग्नसराईत नवरीच्या मेकअपसोबत त्या घातल्या जातात, मैत्रिणी एकमेकींच्या वापरतात. नंबर नाही म्हणून तपासणी नको, असा हिशेब असतो. कॉर्नियाला नंबर आहे की नाही याने काही फरक पडत नाही, त्याच्यावर बसणारा पदार्थ तोच असतो. अमेरिकेने २००५ साली अशा शोभेच्या लेन्सही कायद्याने वैद्यकीय उपकरण ठरवल्या.

आणि काही डोळ्यांच्या बाबतीत फिटिंग हाच उपचार असतो. केराटोकोनसमध्ये कॉर्निया पातळ होत जाऊन शंकूसारखा पुढे येतो. चष्म्याने नीट दिसत नाही. नागपूर भागातल्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची तपासणी करणाऱ्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यात कॉर्नियाची ताकद ४८ डायॉप्टर किंवा त्याहून जास्त असणं हा निकष लावून हे प्रमाण २.३ टक्के आढळलं. हा निकष ढोबळ आहे, तरी आकडा विदर्भातल्या प्रत्येक डोळ्यांच्या दवाखान्याने लक्षात ठेवावा असा आहे. अशा रुग्णांना कडक, प्राणवायू जाऊ देणाऱ्या आरजीपी लेन्स किंवा मोठ्या स्क्लेरल लेन्स लागतात. स्क्लेरल लेन्स पांढऱ्या भागावर टेकते आणि कॉर्नियावरून कमानीसारखी जाते. मधली फट सलाइनने भरलेली असते आणि ती मायक्रॉनमध्ये मोजतात. आरजीपी लेन्सखाली फ्लुरोसीनचा रंग घालून निळ्या प्रकाशात पाहिलं की लेन्स कुठे टेकते आणि कुठे उचललेली आहे ते हिरव्या झळाळीच्या कमीअधिकपणावरून दिसतं. एका डोळ्यासाठी तीन-चार लेन्स घालून बघाव्या लागतात, फेऱ्या होतात, खर्च साध्या लेन्सच्या कित्येक पट होतो. चेन्नईचं शंकर नेत्रालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूट अशा संस्थांत यासाठी स्वतंत्र विभाग आहेत. ज्या तरुणाला फळ्यावरचं वाचता येत नव्हतं तो या लेन्सने शिकतो, नोकरी करतो. इथे फीवरून घासाघीस करण्यासारखं काही नाही.

चाळिशी लागलेल्यांनाही हे थोडं लागू आहे. मल्टिफोकल लेन्समध्ये दूरचं आणि जवळचं एकाच वेळी डोळ्यात येतं आणि मेंदूला निवडायला शिकावं लागतं. पहिलीच लेन्स जमेल अशी अपेक्षा ठेवू नये.

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात तर डबीच्या आधी फिटिंगचं विचारा. स्लिट लॅम्प आहे का, तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट आहे का, ट्रायल घालून वीस मिनिटं थांबू देतील का, आठवड्याने पुन्हा बघतील का. फी सांगितली तर द्या, आणि नंबर, बेस कर्व्ह, व्यास, कंपनीचं नाव असं सगळं लिहून मागा. "काही गरज नाही, चष्म्याच्या नंबरवर देतो" असं उत्तर आलं, तर तिथून लेन्स घेऊ नका.